काळजीचे प्राध्यापक

अख्ख्या पालघर जिल्ह्यात भीतीविषयी आमच्या सरांइतकं वाचलेला माणूस नाही आणि त्यांच्याइतका घाबरट माणूसही नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. आम्हाला कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे हे सर मूळचे वाणगावचे, मिरची पिकवणाऱ्या घरातले. केमिस्ट्रीत बी.एस्सी. करून आधी बोईसरला एका केमिकल कंपनीत लागले. तिथे सरावाचा भोंगा वाजला तरी हे गेटबाहेर पळत आणि पाम गाव आल्यावरच थांबत, अशी ख्याती. मागून कामगार ओरडत, "साहब, टेस्टिंग है, टेस्टिंग!" एकाच भोंग्याला कामगार हसतात आणि मी का पळतो, या प्रश्नापायी माणसाने नोकरी सोडली, मानसशास्त्रात एम.ए. केलं, सेट काढली आणि पीएच.डी.ला विषय घेतला: वाट पाहणाऱ्यांच्या मनातली काळजी.

विषय त्यांना घरबसल्याच सापडला असणार. सर पंख्याखाली उभे राहत नसत. खाली बसलेल्या मुलांनाही बाजूला सरकवत. काळजीची लक्षणं त्यांनी एकदा अशी रंगवून सांगितली की तास संपेपर्यंत निम्म्या वर्गाला धडधड सुरू झाली, आणि आम्हाला धीर देता देता सरांनाच घेरी आली. परीक्षेच्या दिवशी आम्हीच त्यांना पाणी नेऊन द्यायचो.

मी सातपाटीची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, हे मी आजही मान वर करून सांगते. त्यामुळे सर संशोधनासाठी आमच्या घरी येणार म्हटल्यावर मी अर्ध्या गावाला सांगून आले. बाबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख; ते होडी घेऊन बाहेर होते, दुपारच्या भरतीला परतायचे होते. आई अंगणात बोंबील वाळत घालत होती. सरांनी घसा खाकरला आणि विचारलं, "समजा ताई, होडी परत आलीच नाही, तर मनात पहिल्यांदा काय येतं?"

आईचा हात थांबला. होडी समुद्रात असताना हा प्रश्न आमच्याकडे कुणी मनातसुद्धा आणत नाही. "मास्तर," आई म्हणाली, "चाय प्या नि गप बसा."

दुपारी भरती आली. एकेक होडी खाडीत शिरली. आमची नाही. बाबांचा फोन लागेना. बंदरावर आई एकटक समुद्राकडे बघत उभी, आणि तिच्या शेजारी सर, पांढरेफटक.

"मी विचारायला नको होतं गं."

"सर, तुम्हीच शिकवलंत ना, नुसत्या विचाराने काही घडत नाही?"

"ते पेपरात लिहायला!"

पाणी उतरायला लागलं. आता होडी राहिली तर पुढच्या भरतीपर्यंत खाडीबाहेरच, आणि तेही शाबूत असली तर. सर हुंदके देऊ लागले तशी आई कडाडली, "मास्तर, तुमी रडू नका! मी दर्याकडं बघू का तुमाला सांभाळू?" पण बोलताना तिने सरांचा हात धरला तो सोडलाच नाही. कोण कोणाला धरून होतं, देव जाणे.

मग दुसऱ्या होडीच्या दोराला बांधलेली आमची होडी दिसली. मशीन बंद पडलं होतं. सर बूट-पँटसकट चिखलात शिरले आणि बाबांचा हात हातात घेऊन नुसते हलवत राहिले. बाबा गोंधळले.

"हे कोण?"

"पोरीचे मास्तर," आई म्हणाली. "तुमची वाट बघत हायत."

बाबांचा चेहरा उतरला. "का? नापास झाली काय?"

त्या दिवसानंतर सरांनी तो प्रश्न अभ्यासातून काढून टाकला. मार्गदर्शक म्हणाले, तोच तर गाभा, त्याशिवाय प्रबंध पुरा होणार नाही. सर ऐकेनात. त्यांच्यामागून मीही मानसशास्त्रात एम.ए. झाले; सरांच्या नावामागे मात्र अजून 'डॉ.' लागलेलं नाही. मला ते खुपतं. परवा पालघरला भेटले तेव्हा मी म्हटलं, "सर, पावसाळ्यात विचारा ना. तेव्हा मासेमारी बंद, सगळ्या होड्या वर ओढलेल्या असतात. कुणाला वाईट वाटणार नाही."

सर हळूच म्हणाले, "अगं, तेवढेच दिवस त्या बायका जरा सुखानं झोपतात."