ताईच्या पायावरचं ते गोंदण नव्हतं

मैत्रिणींनो, आज सकाळी गोंदियात माझा रक्ताचा रिपोर्ट मिळाला. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स फार कमी, ईएसआर आणि सीआरपी वाढलेले.

"आजी, तुमचं शरीरच तुमच्या प्लेटलेट्स मारून राहिलं. अंगात सूजही दिसते," डॉक्टर म्हणाले.

माझ्या पोटऱ्यांवर बारीक जांभळे ठिपके आलेत. छप्पन्न-सत्तावन्न साली, मी कॉन्व्हेंटमधून सालेकशाला घरी सुट्टीवर आले तेव्हा, ताईच्या पायांवर असेच होते. आईला वाटलं, ती गुपचूप गोंदून आली.

"न विचारता काऊन गोंदली वं?"

"माय, मी नाई गोंदलं!"

आईनं तिच्या दंडावर एक चापट मारली. सकाळी तिथं पाची बोटं काळीनिळी उमटली होती. आई कितीतरी वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसली.

दवाखान्यात ताईचं रक्त उभ्या नळीत ठेवून ते किती लवकर खाली बसतं, ते पाहिलं. तीच ही ईएसआर. पुढे कुणाला काही करता आलं नाही. धानकापणीच्या आधीच ताई गेली.

माझ्याकडे आज गोळ्या आहेत. रडू येत नाही, भीतीही नाही.

उद्या लेक येतेय. ती आल्याआल्या घट्ट मिठी मारते. तिला हळू धर म्हणून कसं सांगू?