जर्मन लेखकाची बायको

पुलाउ उबीन बेटावर जाणाऱ्या बोटीत भेटलेले ते पुणेरी गृहस्थ दोन सायकली आणि एक बायको घेऊन आले होते. मी मराठी निघालो, एवढं निमित्त त्यांना पुरलं. त्यांनी लगेच एका जुन्या जर्मन लेखकाचं चरित्र सांगायला घेतलं. त्याच्या साऱ्या प्रेयसी नावानिशी आल्या. प्रत्येक नावाला गृहस्थ डोळे मिटत. घसा कोरडा पडला की न बघताच हात बाजूला करत, आणि बायको हातात पाण्याची बाटली ठेवी.

"आणि त्याची बायको?" मी विचारलं.

"होती की. घर सांभाळायची. नाव काही आठवत नाही बुवा."

त्यांनी पुन्हा हात बाजूला केला. या वेळी तो रिकामाच राहिला. बाई समुद्राकडे बघत, अगदी सावकाश, बाटलीतला शेवटचा घोट पीत होत्या.