शनीवरून आलेला फोन

गोड पॉपकॉर्नचा वास आला की मला ग्लासगोतली हिवाळ्यातली एक दुपार आठवते. माझ्या फ्लॅटमेटच्या वडिलांचं त्या दिवशी नागपुरात मोठं ऑपरेशन होतं. “तीनच्या आधी फोन करू नकोस,” असं आईने त्याला बजावलं होतं, म्हणून वेळ काढायला आम्ही गावभर कौतुक चाललेला अंतराळातला सिनेमा पाहायला गेलो. निळसर अंधारात शनीची कडी संथ फिरत होती आणि तिथून नायक पृथ्वीवरच्या आईशी बोलत होता. तिचं उत्तर लगेच येत होतं. “काहीही! इतक्या लांबून आवाज पोचायलाच तासभर लागेल,” मी कुजबुजलो. “अरे, आमच्या नागपूरला दोन सेकंद लागतात,” तो म्हणाला. आजूबाजूचे लोक डोळे पुसत होते. बाहेर धुकं उतरलं होतं. फोनबूथमध्ये त्याने कॉलिंग कार्डाचा नंबर दाबला, रिसीव्हर आमच्या दोघांच्या कानांच्या मधोमध धरला आणि विचारलं, “आई, बाबा कसे आहेत?” काहीच ऐकू आलं नाही. काचेवरची वाफ पाहत तो श्वास रोखून उभा होता. मग आवाज आला, “शुद्धीवर आलेत रे. तू जेवलास का, विचारतायत.” त्या सिनेमाला लोक आजही थोर म्हणतात. मला तो तसा वाटत नाही. त्यातल्या मुलाला उत्तराची वाट पाहावी लागत नाही.