दुसऱ्या चौकटीतली खूण

आमच्या घरात कुठलाही छापील कागद आला की तो आधी उलटा करून पाहिला जाई. मागे बारीक अक्षरात काही लिहिलंय का, सही कुणाची, शिक्का कुठला. ही सवय बाबांची. ते शहराच्या सदर भागातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होते, आणि कागदानं माणूस कसा अडतो हे रोज दहा ते पाच पाहत होते. त्यांच्याकडून तो संशय माझ्यात उतरला. वारशात दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतंच, म्हणून मी तो जपून वापरला.

बाबांच्या संशयाला मात्र कारण होतं. कचेरीत दरवर्षी साहेब प्रत्येकाचा गोपनीय अहवाल लिही आणि बंद लिफाफ्यात वर पाठवी. त्यात वाईट शेरा असला तर नियमानं तो त्या माणसाला कळवावा लागे. म्हणून शहाणा साहेब वाईट लिहीतच नसे. तो लिही, 'साधारण'. साधारण कळवावं लागत नाही, आणि साधारण माणसाला बढतीही मिळत नाही. बाबांच्या नंतर नोकरीला लागलेली तीन माणसं त्यांच्या डोळ्यांदेखत हेडक्लार्क झाली. साहेबाची अवघड इंग्रजी पत्रं मात्र बाबाच लिहून देत. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं, इंदोरा वस्तीतलं आमचं घर. लिफाफ्यात काय लिहिलं जात असेल आणि कशामुळे, याबद्दल घरात कुणाला फारशी शंका नव्हती. पण डोळ्यांनी कुणीच पाहिलेलं नव्हतं. बाबांनी एकदा अर्ज केला होता, की मला माझा अहवाल पाहायला मिळावा. उत्तर आलं, 'कारण नमूद करावे.' बाबांनी दीड पान कारण नमूद केलं. त्यावर काहीही आलं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी रसायनशास्त्रात एमएस्सी करत होतो, आणि परदेशात डॉक्टरेट करायला पैसे लागत नाहीत, उलट तेच देतात, अशी बातमी आमच्या कॉलेजात येऊन पोचली. फी माफ, वर दरमहा हातखर्च. बदल्यात तिथल्या पोरांना प्रयोगशाळेत शिकवायचं आणि स्वतःचं संशोधन करायचं. मी सांगोवांगीवर विश्वास ठेवणाऱ्यातला नव्हतो. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला पत्र टाकलं. दोन महिन्यांनी जाडजूड लिफाफ्यात फॉर्म आले, आणि त्यात खरोखर तसंच छापलेलं होतं. छापलेलं आहे म्हटल्यावर माझा संशय आणखी वाढला.

बाबांनी सगळे कागद उलटे करून पाहिले.

"शिकनाऱ्याले पैसे देतात? काहून देतीन गा?"

"तिकडं शिकवायला माणसं कमी आहेत, बाबा."

"आन् आपल्याच घरी सापडलीत त्याईले?"

मायनं पोळी लाटता लाटता आपलं मत दिलं. "नेऊन इंजेक्शनं टोचून पाहतीन. उंदरावर पाहतात तसं." तिच्या आवाजात काळजी कमी आणि खात्री जास्त होती. मी हसलो, पण त्या दिवशी फॉर्म पुन्हा एकदा वाचला.

अर्जासोबत तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागत. त्यातल्या दोघांनी सोपं करून टाकलं. "तूच लिहून आण, मी सही करतो," असं ते म्हणाले, आणि तशी तेव्हा रीतच होती. मी घरी बसून स्वतःची स्तुती लिहिली. एका पत्रात मी मेहनती होतो, दुसऱ्यात प्रतिभावान. दोन्ही पत्रं एकाच हातची वाटू नयेत म्हणून दुसऱ्यात वाक्यं लांब ठेवली. त्यांनी सह्या केल्या, कागद न वाचता.

तिसरे सर तसे नव्हते. शहरातल्या महाल भागातल्या जुन्या घराण्यातले, पांढराशुभ्र शर्ट, प्रयोगशाळेत आले की बाकांमधली कुजबूज आपोआप थांबे. त्यांनी सांगितलं, "फॉर्म दे. मी लिहीन आणि मीच पोस्ट करीन." इथे माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण माझं आणि सरांचं एक जुनं प्रकरण होतं.

एमएस्सीच्या पहिल्या वर्षी प्रयोगासाठी एक द्रावण तयार करून ठेवलेलं होतं. बाटलीवर सरांच्या हातची चिठ्ठी, त्यात द्रावणाची तीव्रता लिहिलेली. सगळ्यांचं उत्तर बरोबर येत होतं, कारण सगळे बाटलीवरचा आकडा बघून उत्तर जुळवत होते. माझं येत नव्हतं. मी तीनदा प्रयोग केला, मग तराजूच्या काचेच्या पेटीसमोर बसून नवं द्रावण बनवलं आणि पुन्हा केला. मग भर वर्गात म्हणालो, "सर, बाटलीत चूक आहे." सरांनी बाटली उचलली, बेसिनमध्ये ओतली आणि वर्गाबाहेर गेले. त्या विषयावर ते पुन्हा कधीच बोलले नाहीत. फक्त मी वजन करायला बसलो की म्हणत, "याचा तराजूवर विश्वास नाही." पोरं हसत. मला वाटे, माणूस डूख धरून आहे.

आता त्याच माणसाच्या बंद लिफाफ्यावर माझं जाणं न जाणं ठरणार होतं. फॉर्मवर रकाने होते: बुद्धी, चिकाटी, हाताचं कौशल्य, लोकांशी वागणं. प्रत्येकापुढे उत्कृष्टपासून साधारणपर्यंत चौकटी. 'साधारण' हा शब्द पाहूनच बाबांचा चेहरा उतरला. मग त्यांचं बोट खाली सरकलं. तळाशी विद्यार्थ्यानं भरायच्या दोन चौकटी होत्या. पहिली: हे पत्र पाहण्याचा माझा हक्क मी सोडतो. दुसरी: मी तो हक्क सोडत नाही, प्रवेश मिळाल्यास मला पत्र पाहता येईल.

बाबांनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला.

"हे तुले पाहू देतीन?"

"प्रवेश मिळाला तर."

"आन् लोकं हक्क सोडतो म्हनून लेहून देतात?"

"बहुतेक सगळेच देतात म्हणे. सोडला नाही तर मास्तर नाराज होतात."

"होऊ दे," बाबा म्हणाले. "आपन आतापर्यंत काय कमी सोडलं? हे नको सोडू."

त्यांनी स्वतःचं शाईचं पेन पुढे केलं. मी दुसऱ्या चौकटीत खूण केली. ही खूण सरांना दिसणार हे मला माहीत होतं. पण खरं सांगायचं तर ती खूण केवळ बाबांसाठी नव्हती. मलाही पाहायचंच होतं, की हा माणूस माझ्यामागे काय लिहितो.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सरांनी फॉर्म घेतला, वरून खाली वाचला आणि तळाशी येऊन थांबले.

"हे तू केलंस?"

"हो सर."

"याचा अर्थ कळतो? तिकडे वाचणारा म्हणेल, मास्तरानं मुलाच्या धाकानं लिहिलंय, खरं कशाला असेल? तुझंच नुकसान आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "नवा फॉर्म आहे का?"

"नाही सर." लिफाफ्यात एक कोरा फॉर्म जास्तीचा होता. तो घरी होता.

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही."

इथे 'तसं नाही सर' म्हणायला हवं होतं. आमच्या कॉलेजातला कुठलाही मुलगा म्हणाला असता. मी म्हणालो, "सर, फॉर्मवर तशी सोय आहे."

त्यांनी फॉर्म टेबलाच्या खणात टाकला. "बघू."

ते 'बघू' मी घरी घेऊन आलो आणि दोन आठवडे त्याच्यावर बसून राहिलो. शेवटची तारीख जवळ येत होती. सरांना विचारायची सोय नव्हती. मग मी एक लाजिरवाणी गोष्ट केली. कॉलेज सुटल्यावर सायकलवरून सरांच्या मागे जाऊ लागलो. ते स्कूटर इतकी हळू चालवत की मागे राहणं अवघड नव्हतं. पहिल्या दिवशी ते भाजी घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी चपला शिवायला थांबले. मोच्यानं टाका घालेपर्यंत मी समोरच्या टपरीआड उभा. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटर सदरच्या पोस्टाकडे वळवली. उन्हं कडक होती, डोळ्यांत घाम येत होता. त्यांनी पिशवीतून काहीतरी काढलं, पेटीत टाकलं आणि हात झटकून निघून गेले. ते माझं पत्र होतं की विजेच्या बिलाबद्दलची तक्रार, मला दिसलं नाही. आणि माझंच असलं तरी आत काय होतं?

घरी बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "रजिस्टर नाही केलं?"

"नाही."

"मंग कठीन आहे," म्हणाले आणि जेवायला बसले.

एप्रिलमध्ये पत्र आलं. प्रवेश मिळाला होता, फी माफ होती आणि दरमहाचे पैसेही. मायनं डोळ्यांना पदर लावला. बाबांनी पत्र उलटं केलं, सुलटं केलं आणि तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "हे पाह्य. 'प्रगती समाधानकारक असल्यास.' समाधान कोनाचं? ते कुठंच लेहलं नाही." तरी त्या संध्याकाळी ते वस्तीतल्या विहारात जाऊन बराच वेळ बसून आले, आणि आल्यावर कुणाशी न बोलता माझे बूट पॉलिश करून ठेवले.

मी सरांना पेढे द्यायला गेलो. त्यांनी एक उचलला. "तिथंही तराजूच्या पेटीचं झाकण लावूनच वजन कर. आळशी लोक उघडं ठेवतात." एवढंच. पत्राचं नाव नाही. मी मनाशी हिशेब मांडला, की प्रवेश मिळाला तो माझ्या हातच्या दोन पत्रांमुळे, आणि सरांचं पत्र असूनही. हा निष्कर्ष घेऊन मी विमानात बसलो. मला तो फार आवडला होता.

तिथे पोचून दोन महिने झाले तरी मी विभागाच्या ऑफिसात ते पत्र मागायला गेलो नाही. कामाला घाबरलो नाही, भाषेला घाबरलो नाही, त्या फाईलला घाबरलो. शेवटी एका दुपारी गेलो. टेबलामागे एक वयस्कर बाई होत्या. मी घरून इंग्रजीत पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, की मी हक्क सोडला नव्हता, आणि कलम अमुक प्रमाणे. कलमापर्यंत पोचायच्या आत त्या उठल्या होत्या. त्यांनी माझ्या आडनावाचं स्पेलिंग विचारलं, कपाटातून फाईल काढली, समोर ठेवली आणि खुर्ची दाखवली.

सरांचं पत्र पानभर होतं, हातानं लिहिलेलं. इंग्रजीत होतं, पण मला ते मराठीतच आठवतं. त्यांनी लिहिलं होतं: 'या विद्यार्थ्यानं हे पत्र पाहण्याचा हक्क सोडलेला नाही. याचा मला दोन दिवस राग आला. मग लक्षात आलं, की तो तराजूशीही असाच वागतो, आणि तिथे मला त्याचा राग येत नाही. मी तयार केलेल्या एका द्रावणातली चूक त्यानं दाखवली होती. वर्गातल्या बाकीच्यांनी माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला. त्या वेळी मी त्याचे आभार मानले नाहीत. तो हे वाचणारच आहे, तर इथे मानतो.'

रकान्यांत सगळीकडे उत्कृष्ट होतं. फक्त 'लोकांशी वागणं' पुढे साधारण. मी त्या खुर्चीत बसून रडलो. त्या बाई कागदाच्या रुमालांची पेटी माझ्याकडे सरकवून टाईप करायला लागल्या. सदरच्या उन्हात टपरीआडून ज्याच्यावर पाळत ठेवली, त्या माणसाच्या पिशवीत हे होतं. मला माझी भयंकर लाज वाटली.

सरांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. ते त्यांना पोचलंच नसेल असं मला अजून अधूनमधून वाटतं.

बाबांना सरांच्या पत्राची नक्कल पाठवली, ऑफिसातल्या बाईंनी फाईल काढून दिल्याचंही कळवलं. त्या वर्षी ते निवृत्त होत होते, कारकून म्हणूनच. महिन्याभरानं त्यांचं उत्तर आलं, कचेरीच्या भाषेत, समास सोडून लिहिलेलं:

'पत्र मिळाले. मजकूर दोन वेळा वाचला, तुझ्या आईसही वाचून दाखवला. सरांची माफी मागावी. एका रकान्यात साधारण असे आहे, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. तुला ते पाहावयास मिळाले. एक गोष्ट कळविणे. तू मागणी केल्यावर त्या बाईने कारण विचारले काय?'

नाही, नव्हतं विचारलं. एवढंच उत्तर होतं, एका शब्दाचं, आणि ते बाबांना लिहायला मला चार दिवस लागले.