ओढ्यातल्या अळ्या उघड्या पडल्या तेव्हा

काल कुसगावच्या दुकानात कीटकनाशकाचा वास आला आणि आंदर मावळातला ओढा आठवला.

कॉलेजात असताना मी तिथे पाण्यातल्या अळ्या बघायला जायचे. वाळूचे कण चिकटवून त्या अंगाभोवती नळीसारखं घर बांधतात आणि सहसा सोडत नाहीत. त्या सकाळी मात्र साऱ्या घराबाहेर वळवळत होत्या. वरच्या अंगाला कुणीतरी मासे मारायला औषध ओतलं होतं.

मी ओरडत खाली पाणवठ्याकडे धावले. बायांनी भराभर हंडे उपडे केले. मी जिच्या घरी राहायचे ती हलीमा मावशी मात्र तशीच उभी राहिली.

"आगं, म्या तर मगाशीच तांब्याभर प्याले."

गावात गाडी नव्हती. दोघांनी तिला झोळीत घातलं. मी हात धरून शेजारून पळत होते. तिच्या तोंडाला फेस येत होता.

"वरल्या आळीला सांगावा धाडला नव्हं?" तिने विचारलं.

"हो मावशी. दुसरं कुणीच प्यालं नाही."

डांबरी रस्ता यायच्या आत ती गेली. तेव्हा मी नुसती रडत होते. आता वाटतं, निदान तेवढं ऐकून तरी ती गेली.