बर्फात रुतलेली गाडी एकटीने काढायची असेल तर

मोरी-सान आमच्या टोकियोच्या ऑफिसातून निवृत्त झाल्या आणि होक्काइदोच्या डोंगरात चार खोल्यांचं अतिथीगृह चालवू लागल्या. तिथे त्या एकट्याच राहतात. जानेवारीत त्यांचा मेसेज आला. बर्फावर चालणारी त्यांची जुनी स्नोमोबाइल बंद पडली होती आणि विक्रेता दोन नव्या गाड्या चालवून बघायला देणार होता. दोन्ही टर्बो, एक टू-स्ट्रोक, एक फोर-स्ट्रोक. बघायला येतेस का?

मी टोकियोतच ओजिमाला राहणाऱ्या मैत्रिणीला, स्नेहाला विचारलं.

"बर्फ दिसणार ना? मग मला स्ट्रोक कितीही चालतील," ती म्हणाली.

साप्पोरोपर्यंत विमान, पुढे ट्रेन आणि शेवटी मोजक्याच फेऱ्यांची बस. आठवड्याच्या मधल्या दिवशी तिकीट बरंच स्वस्त पडतं, आम्हाला मात्र शनिवारच मिळाला. शाकाहारी असाल तर स्टेशनवरच्या कोम्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या छोट्या दुकानातून, उमेबोशीचे (खारवलेल्या आंबट फळाचे) ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घेऊन ठेवा, पुढे दुकान नाही. बसथांब्यापासून वर मोरी-सानांच्या मालकीची जंगलवाट आहे. हिवाळ्यात तिथे मोटार जात नाही. पाहुणे, बटाटे, गॅस, सगळं स्नोमोबाइलमागच्या घसरगाडीत बसून वर जातं. गाडी नाही तर हिवाळाभर अतिथीगृह बंद.

माझं मत निघण्याआधीच ठरलेलं होतं. बाबांची जुनी रिक्षा टू-स्ट्रोक होती. सकाळी ती सुरू झाली की निळा धूर स्वयंपाकघरापर्यंत यायचा. असल्या जंगलात तो धूर का सोडायचा?

पहिल्या दिवशी फोर-स्ट्रोकने माझी बाजू राखली. आम्हा दोघींना आणि सामानाला तिने चढावर आरामात ओढलं. आवाज इतका कमी की मागे बसून बोलता येत होतं. टू-स्ट्रोक हलकी, चटकन वळणारी, पण मागे बसलं की नाकात तेलाचा वास.

"मोरी-सान, ठरलंच मग," मी म्हणाले.

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोर-स्ट्रोक वाट सोडून मऊ बर्फात घातली. गाडी आसनापर्यंत रुतली. आम्ही धावलोच. रस्त्यात गाडी अडली की चार हात लागतात, यात विचारायचं काय! "एक, दोन, तीन, हं!" स्नेहा ओरडली आणि गाडी बाहेर आली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मोरी-सानांनी वाकून आभार मानले, गाडी वळवली आणि पुन्हा त्याच बर्फात घातली.

"आता हात लावू नका हं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सोमवारी टोकियोत असाल."

"अगं, त्यांनी मुद्दाम घातली होती!" स्नेहा पुटपुटली.

आम्ही बाजूला उभ्या राहिलो. मदत न करता बघणं मला फार जड गेलं. त्यांनी पुढचा बर्फ तुडवला, गाडीची पुढची पट्टी धरून ओढली, गाडी कलती करून खाली बर्फ भरायचा प्रयत्न केला. ती हलली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी आम्हाला मदतीला हाक मारली. मग टू-स्ट्रोक रुतवली. ती कलली. दम खात, थांबत थांबत, पण त्यांनी ती एकटीने काढली.

"ही घेते," त्या म्हणाल्या.

"पण धूर?"

"धुराचं वाईट वाटतंच, वैशाली-सान. २०११च्या मोठ्या भूकंपाच्या दिवशी टोकियोत ट्रेन बंद पडल्या तेव्हा मी ऑफिसातून घरी चालत गेले होते. पाय दुखले, पण पोचले. इथेही पोचता आलं पाहिजे."

टोकियोत निशी-कसाईला घरी परतल्यावरही मला वाटतं की त्या जंगलासाठी फोर-स्ट्रोकच बरी. तुमचे पाहुणे पुष्कळ असतील, वाट दाबलेली असेल आणि हाकेच्या अंतरावर माणूस असेल, तर तीच घ्या. मी जंगलाचा आणि पाहुण्यांचा हिशेब केला होता. चालवणारीचा राहून गेला.

काल मोरी-सानांनी फोटो पाठवला. बर्फात मोठा खड्डा, त्यातून वर निघून घराकडे गेलेला गाडीचा माग आणि खड्ड्याभोवती एकाच माणसाच्या बुटांचे ठसे.