डी नाय, बी पायजे

अकरावी सायन्सला मी शहापूरच्या कॉलेजात गेले. आमचं गाव मुरबाडकडचं, सिद्धगडाच्या पायथ्याचं, म्हणून शहापुरात मावशीकडे राहायचे. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकले होते. इथे एकदम इंग्रजी.

एकदा केमिस्ट्रीच्या सरांनी फळ्यावर ‘अ‍ॅडसॉर्प्शन’ लिहिलं. मला ‘अ‍ॅबसॉर्प्शन’ माहीत होतं, म्हणजे शोषून घेणं. मी उभी राहिले.

“सर, स्पेलिंग चुकलंय. डी नाय, बी पायजे.”

वर्ग हसला. स्पेलिंगला हसला की माझ्या ‘नाय’ला, कोण जाणे. माझे कान तापले. सर मात्र हसले नाहीत.

“टीपकागद शाई पितो, ती आत मुरते. तो तुझा बी,” ते म्हणाले. “पण कोळशाला वायू लागतो तेव्हा तो आत मुरत नाही, नुसता पृष्ठभागाला धरून राहतो. या दोन्हींना पूर्वी एकच शब्द वापरायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका जर्मन शास्त्रज्ञाला वेगळा शब्द हवा होता. त्याला सोबत्याने सुचवलं, लॅटिनमधलं ‘अ‍ॅड’ लाव. अ‍ॅड म्हणजे कडे, ला लागून.”

“म्हणजे हा शब्द कुणीतरी बनवला?”

“मग! त्याच्याआधी सगळे तुझ्यासारखा बीच लिहीत होते.”

हे ऐकून मला फार बरं वाटलं. शास्त्रातले शब्द माणसं बसून ठरवतात, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सरांनी गावाहून लाकडी कोळसा आणायला सांगितला. आई कोळसा पिशवीत भरताना म्हणाली, “काय गो, कॉलेजात चाय करता का तुमी?”

प्रयोगशाळेत तो कुटून शाईच्या पाण्यात टाकला आणि पाणी गाळलं. ते आधीपेक्षा काळं निघालं. सरांनी डोकं खाजवलं. कोळसा धुतलाच नव्हता, त्याची बारीक भुकटी गाळणकागदातून खाली उतरली होती. दुसऱ्या दिवशी धुऊन, चांगला तापवून पुन्हा केलं. पाणी अगदी स्वच्छ नाही झालं, पण निळा रंग बराच उतरला. शाई कोळशाच्या अंगाला लागून राहिली होती.

पुढे बी.एस्सी., बी.एड. करून मी मुरबाडच्या एका शाळेत शिकवायला लागले. मराठीत अ‍ॅडसॉर्प्शनला अधिशोषण म्हणतात. अधि म्हणजे वर, असं मी एकदा नववीच्या वर्गाला समजावत होते. डोंगरातल्या पाड्यावरून येणारी एक मुलगी मन लावून ऐकत होती.

“बाई, शोषण म्हंजे आत घेणं ना?”

“हो.”

“मग ह्यात कोणी आत घेतच नाय, तर शोषण कशाला म्हणायचं?”

मला माझा ‘बी’ आठवला. “बरोबर आहे तुझं,” म्हटलं आणि फळ्यावर आकृती काढायला लागले.